हा धडा घरी वाचा

आमच्या गल्लीत शिरून कोणालाही विचारा, शाळेचे गणवेश शिवणारी बाई कुठे राहते, तर माणूस आधी घोटाळतो आणि मग त्याचा चेहरा उजळतो. "धडाबाई होय? ते काय, निळ्या फळीचं दुकान." तिचं खरं नाव आठवायला आता तिच्या नवऱ्यालाही डोकं खाजवावं लागतं. ती माझी मावसबहीण. मी मोठा, म्हणून मी दादा. तिच्याच दुकानात खिडकीजवळ माझं इस्त्रीचं टेबल आहे. ती शिवते, तिचा नवरा कापड कापतो, त्याला सगळं जग कटर म्हणतं, आणि मी सुरकुत्या काढतो. स्वतःच्या सोडून.

सूड कसा घ्यावा, किती थांबावं आणि नेमकं कुठे टोचावं, हे मी या बाईकडून शिकलो. ही गोष्ट नातवंडांना इतक्यांदा सांगितली आहे की आता तीच मला मध्ये थांबवून दुरुस्त करतात. करू देत. हा सगळा मामलाच दुरुस्तीचा आहे.

दुकान तेव्हा तिच्या वडिलांचं, म्हणजे माझ्या काकांचं होतं. मावशी लवकर गेली. मागे काका, ही पोर आणि शिलाई मशीन, असा तिघांचा संसार. काकांच्या घरात एक रीत होती. पोर शाळेतून आली, तोंड धुतलं, की मशीनजवळच्या बुटक्या स्टुलावर बसून त्या दिवशीचा धडा मोठ्याने वाचायची. काकांनी शाळा फारशी पाहिलेली नव्हती, त्यामुळे ते सगळं कान देऊन ऐकायचे. इतिहासातली लढाई आली की पाय जोरात चालायचा, कविता आली की मशीन हळूच टपटपायचं, आणि भूगोल आला की काका पेंगायचे आणि टीप वाकडी जायची. एका गिऱ्हाइकाची पँट मी बरीच वर्षं ओळखून होतो. आत सगळ्या नद्या आणि त्यांची खोरी उमटलेली.

शाळेत त्या वर्षी विज्ञानाला होते शुद्ध मास्तर. तरणा गडी, कॉलर कडक, आणि कान असा की कोणी तिसऱ्या वर्गात न च्या जागी ण म्हटला तर हे पहिल्या वर्गातून उठून येत. 'पानी' म्हणालात तर पाणी मिळायचं नाही. एकदा एका घरी म्हातारी वारली, तिचा मुलगा यांच्या गळ्यात पडून हुंदके देत म्हणाला, आई किती शांतपने गेली हो. मास्तरांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि हळूच म्हणाले, "शांतपणे." मी तिथेच होतो. तो गडी रडायचा थांबला आणि "हो, शांतपणे," म्हणून पुन्हा रडू लागला.

तर या मास्तरांपुढे पुस्तकातला तो धडा आला. माणसाचं शरीर, मुलं वयात येणं, बाळ कसं होतं, तो. मास्तरांनी पानं उलटली. खोकले. खडू या हातातून त्या हातात घेतला. मग म्हणाले, "हा धडा घरी वाचा." आणि फळ्यावर पुढच्या धड्याचं नाव लिहिलं, चुंबक.

आता शाळेत गेलेल्या प्रत्येक माणसाला ठाऊक आहे, मास्तर 'घरी वाचा' म्हणाले म्हणजे वाचू नका म्हणाले. वर्गातल्या सगळ्या पोरांना ते कळलं. ज्यांना वाचायचा होता त्यांनी तो मधल्या सुट्टीत, जिन्याखाली, एकावर एक डोकी ठेवून वाचला. कळलं नाही ते फक्त आमच्या पोरीला. तिच्या घरी 'घरी वाचणं' ही खरोखरची गोष्ट होती. मास्तरांनी सांगितलं घरी वाचा. ती घरी आली, तोंड धुतलं, स्टुलावर बसली आणि खणखणीत आवाजात धडा सुरू केला.

काका पँटच्या बाजूची शिलाई मारत होते. मी एका बँकवाल्याच्या पांढऱ्या शर्टावर होतो. इस्त्री तेव्हा कोळशाची. वयानुसार मुलामुलींच्या शरीरात बदल होतात, इथवर मशीन छान चाललं. काकांनी मानसुद्धा डोलावली. पुढे मासिक पाळी आली, ती पोर 'पाली' म्हणाली, कारण आमच्या घरात ळ चा जरा तुटवडाच होता. मशीन हळू झालं. मग ती वाचून गेली, "स्त्रीच्या पोटात गर्भाशय नावाची पिशवी असते."

मशीन थांबलं.

माझाही हात थांबला. फक्त तो शर्टावर थांबला. कापड जळाल्याचा वास आल्यावर मला भान आलं. बँकवाल्याला पुढे नवीन शर्ट शिवून द्यावा लागला, ते वेगळं. काका तिच्याकडे बघत नव्हते, सुईकडे बघत होते. म्हणाले, बंद कर ते. तिने विचारलं, का बाबा, मास्तरांनीच घरी वाचायला सांगितलंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी तिचा हात धरला, मला बरोबर घेतलं आणि शाळा गाठली. मास्तर व्हरांड्यात उभे होते. मागे दारात हेडमास्तर. काकांनी हात जोडून विचारलं, साहेब, आमची मुलगी असं असं म्हणते. मास्तरांनी एकदा मागे दाराकडे पाहिलं. मग म्हणाले, "असं मी कधीही सांगितलेलं नाही. मुलीच्या वाचनावर लक्ष ठेवा." वर्गातल्या दोघीतिघींना बोलावलं. त्यांनी आपापल्या पायांच्या अंगठ्यांकडे पाहिलं. आमची पोर मास्तरांच्या तोंडाकडे बघत राहिली. रडली वगैरे नाही. टक लावून बघत राहिली, जसं माप घेताना बघतात तसं.

परतताना काका वाटेत एकच वाक्य बोलले आणि तेच मुळावर आलं. म्हणाले, "एवढं शुद्ध बोलणारा माणूस खोटं कशाला बोलेल?"

पोरीची शाळा सुटली, ती कायमची. पोरगी काजबटणाला बसली. वर्गातली पोरं दुकानापुढून जाताना हाका मारायची, धडा कुठवर आला गं? आधी 'धडा', मग लग्न झाल्यावर 'धडाबाई'. सासर लांब नव्हतंच. काकांनी कटरला दुकानातच घेतलं, म्हणजे नाव कुठे मागे राहायचा प्रश्नच नाही. माणसं विसरली की नाव कशावरून पडलं. ती विसरली नाही.

तिने पहिला सूड उगवला तो बापावर. मी हे गंमत म्हणून सांगतोय, पण बघायला फार गंमत नव्हती. त्या संध्याकाळनंतर तिने काकांच्या कानावर स्वतःच्या वाचनाचा एक शब्द पडू दिला नाही. त्यांचं सगळं केलं. वेळेवर चहा, वेळेवर औषध, अंगरख्याला बटण तुटलेलं कधी दिसायचं नाही. पण काकांचे डोळे गेले, मोतीबिंदूच्या ऑपरेशनला कोणी डॉक्टर हात घालेना, आणि काका सकाळी वर्तमानपत्र चाचपडत तिच्यापुढे धरू लागले, तेव्हा ती म्हणायची, "मला कुठे वाचता येतं बाबा? माझी शाळा लवकर सुटली." आणि ते वर्तमानपत्र माझ्या टेबलावर आणून टाकायची, बाह्यांखाली घालायला. मी न राहवून एकदा वाचून दाखवायला बसलो, तर तिने मशीन असं काही पळवलं की माझं मलाच ऐकू येईना.

एकदा मी म्हणालो, सोड की आता, म्हातारा झाला तो. तिच्या ओठांत टाचण्या होत्या. टाचण्या तोंडात असल्या की तिचं डोकं चालतं, हे आम्हा दोघांना माहीत आहे. टाचण्यांच्या फटीतून ती म्हणाली, "दादा, उसवायचं तर पहिला टाका सापडायला लागतो. पहिला टाका त्या माणसाच्या तोंडात आहे. त्याने तो स्वतः काढला पाहिजे. बाबांसमोर."

आता त्या माणसाचं ऐका. शुद्ध मास्तर हेडमास्तर झाले, निवृत्त झाले आणि शाळेच्या समितीचे अध्यक्ष म्हणून परत आले. आणि कोट शिवायला कुठे यावं त्यांनी? आमच्याच दुकानात. हात चांगला आहे बाईचा, असं कोणीतरी सांगितलं होतं. तिला ओळखलंसुद्धा नाही. मला वाटलं होतं, ती कात्री फेकेल. ती गोड हसली, माप घेतलं, आणि ते गेल्यावर म्हणाली, विसरला. खोटं बोलल्याचा तिला जेवढा राग नव्हता तेवढा त्या विसरण्याचा आला.

तेव्हापासून मास्तरांच्या प्रत्येक कोटाचं मधलं काज ती किंचित घट्ट करायची. अगदी किंचित. लावायला जमायचं, काढायला नाही. व्यासपीठावर मास्तर उभे राहिले की भाषणाच्या मध्यावर त्यांचा हात पोटावर जाऊन चाचपडू लागे. लोक म्हणायचे, केवढं तळमळीने बोलतात. आम्ही तिघं मागच्या बाकावर बसून पोट धरायचो. पण हे आपलं चघळायला होतं. जेवण बाकी होतं.

मग शाळेत संयम आला.

झालं असं की नव्या पुस्तकात तो धडा होताच, आणि आधीपेक्षा नीट होता, चित्रांसकट. समितीचं म्हणणं पडलं, धडा गाळा. त्याऐवजी मास्तर स्वतः शनिवारी 'संयम वर्ग' घेतील. शरीराबद्दल माहिती दिली की मुलं बिघडतात, त्यांना एकच शब्द द्यावा, 'नाही', म्हणजे पुरे. दर शनिवारी पोरं हात पुढे करून म्हणायची, मी संयम पाळीन. कशापासून, ते कोणी सांगितलं नव्हतं. शेजारच्या एका पोराने बिचाऱ्याने गोळ्या-चॉकलेटं सोडली. त्याच्या आईला बरं वाटलं, दात तरी वाचले.

पण एक दिवस गणवेशाचा स्कर्ट घेऊन एक मुलगी दुकानात आली. डोळे सुजलेले. म्हणाली, कमरेची शिवण थोडी सैल करून ठेवा, आत्ताच, म्हणजे नंतर कोणाला कळणार नाही. बाईने विचारलं, जाड झालीस का? नाही म्हणाली. मग? शेवटी कळलं ते असं, की तिने पावसात वर्गातल्या एका मुलाचा रेनकोट घातला होता, आणि संयम वर्गात सांगितलं होतं की मुलांच्या वस्तू अंगाला लावल्या की मुलीचं आयुष्य संपतं.

बाईने कटरला आणि मला चहाला घालवलं. आम्ही चहा पिऊन, दुसरा चहा पिऊन आलो तर पडद्यामागून हसण्याचा आवाज येत होता. मुलगी नाक पुसत बाहेर आली आणि तशीच उड्या मारत गेली. बाई बाहेर आली तेव्हा तिच्या तोंडात टाचण्यांची अख्खी डबी होती. मी काही विचारायच्या फंदात पडलो नाही.

त्यातच धड्यावरून पालकांत दोन तट पडले आणि समितीने सभा बोलावली. सभेसाठी मास्तरांना नवा कोट हवा होता. ते ट्रायलला आले. सभेत उठून दिसावं म्हणून पोट आत घेऊन, श्वास रोखून आरशापुढे उभे. बाई गुडघ्यावर बसून खडूने खुणा करत होती. तिच्या तोंडून सहज गेलं, सर, पोट आत ओडू नका. मास्तरांनी श्वास रोखलेला, चेहरा लाल, डोळे बाहेर, आणि त्या स्थितीतही ते म्हणाले, "ओढू. ढ, ढगाचा."

बाईचा खडू हवेत थांबला. त्यानंतर दिवसभर ती गुणगुणत होती. कटर मला म्हणाला, काहीतरी शिजतंय. मी म्हटलं, शिजून झालंय, आता वाढायचंय.

सभेच्या दिवशी तिने मला फर्मावलं, काकांना घेऊन यायचं. पुढच्या रांगेत बसवायचं. कानातल्या यंत्राला नवी बॅटरी. मी म्हटलं, ते दोन तास बसतील का? ती म्हणाली, त्यांना एकच वाक्य ऐकायचंय.

शाळेचा हॉल भरलेला. लहान मुलांच्या बाकांवर मोठी माणसं, गुडघे हनुवटीला. आधी डॉक्टरबाई बोलल्या. त्या धड्याच्या बाजूच्या. त्यांचं म्हणणं सरळ होतं, मुलांना हे कळायचं थांबत नाही, फक्त आपल्याऐवजी मोबाइल सांगतो, आणि मोबाइल खोटं सांगतो. माहिती असलेली मुलं थांबायलाही शिकतात, सांभाळायलाही शिकतात. बोलल्या चांगल्या, पण आकडे फार आणले होते. लोक आकड्यांना जांभया देतात. मग एक बसचा ड्रायव्हर उठला. तो खरंच घाबरलेला होता. म्हणाला, शिकवा हो, पण उद्या माझी पोरगी घरी येऊन मलाच काही विचारेल, तर मी काय सांगू? मला कोणी शिकवलंय? त्याला कोणी हसलं नाही. हॉलमधल्या निम्म्या लोकांचा तोच प्रश्न होता, आणि म्हणूनच ते मास्तरांच्या बाजूला होते. प्रश्नच आला नाही तर उत्तर शोधायला नको.

मग मास्तर उठले. कोट झकास बसला होता. मधलं बटण लागलेलं. बोलले भारी, पाण्यासारखं स्वच्छ, एकेक अक्षर धुऊन वाळत घातलेलं. संयम, संस्कार, घराणी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि शेवटी, छातीवर हात ठेवून, त्यांनी ते वाक्य उच्चारलं, ज्यासाठी आमची बाई एवढी वर्षं दबा धरून बसली होती. "मी आयुष्यभर शिकवलं. पण हा असला धडा मी कधी कोणत्याही मुलाला वाचायला सांगितला नाही."

बाई उठली.

म्हणाली, आपण काय गाळतोय ते एकदा सगळ्यांनी ऐकावं, मी पान वाचते. मास्तर म्हणाले, इथे स्त्रिया बसल्या आहेत. बाई म्हणाली, हो, त्यांच्याबद्दलच आहे. बसचा ड्रायव्हर म्हणाला, वाचू द्या हो, मला तरी कळू दे. बाईने दोरीचा चष्मा नाकावर चढवला, पुस्तक उघडलं.

"धडा. मानवी प्रजणण."

मला वाटलं, घाबरली बिचारी. कारण दुकानात शहाण्यासुरत्या गिऱ्हाइकांशी बोलून बोलून एखादा ढ सोडला तर तिची जीभ कधीच सरळ झाली होती. व्यासपीठावर मास्तरांच्या गालाचा स्नायू उडाला.

"प्रजनन," ते म्हणाले. "दोन्ही न. नळाचे."

"हां. प्रजनन." बाई अगदी नम्र. "स्त्रीच्या पोटात गर्भासय..."

"गर्भाशय. श, शहामृगातला."

"गर्भाशय. मुलींना दर महिन्याला मासिक पाली येते."

"पाळी!" मास्तर खुर्चीतून अर्धे उठले. "पाली भिंतीवर असतात. ही पाळी. ळ. बाळातला ळ."

मागून कोणीतरी फसकन हसलं. मास्तरांना वाटलं, बाईच्या अज्ञानाला हसले. त्यांना हुरूप आला. आणि तेव्हा मला दिसलं, बाईचे ओठ असे मिटलेले होते, जणू आत टाचण्या आहेत. मी कटरच्या मांडीला चिमटा काढला. त्याने मला परत काढला.

"पुरुसाच्या शरीरात," बाई वाचू लागली, "वृसन..."

"पुरुष. पोटफोड्या ष. वृषण. तोच पोटफोड्या ष आणि शेवटी ण, बाणाचा."

"आणि त्यात तयार होतात सुक्रानू."

"शुक्राणू!" आता मास्तर व्यासपीठाच्या काठावर आले होते आणि बोट नाचवत होते, थेट वर्गातल्यासारखे, आणि बाईला अगंतुगं करू लागले होते. "किती वेळा सांगायचं? शु-क्रा-णू. म्हण."

"शुक्राणू," बाई म्हणाली.

"सगळ्यांनी म्हणा," मागून कोणीतरी वात्रट ओरडलं, आणि निम्मा हॉल म्हणाला. डॉक्टरबाईंनी तोंडावर रुमाल धरला. जे शब्द शाळेत उच्चारले जाऊ नयेत म्हणून सभा भरली होती, ते सगळे अध्यक्षांनी स्वतः, स्वच्छ, अक्षर अन् अक्षर फोडून, पालकांकडून घोकून घेतले होते. त्यांना अजून पत्ता नव्हता. ते घामाने भिजले होते आणि मधलं बटण काढायला बघत होते. ते निघत नव्हतं.

बाईने पुस्तक मिटलं. चष्मा उतरवला. आवाज अगदी कोवळा केला.

"माझं वाचन कच्चंच राहिलं, सर. मी तुमचीच विद्यार्थिनी. शिंप्याची मुलगी, पुढून दुसरा बाक. तुम्ही हा धडा आला तेव्हा म्हणाला होतात ना, 'हा धडा घरी पाठ करूण या'..."

"करून! न!" मास्तर कडाडले. "आणि पाठ करून नव्हे. 'घरी वाचा' म्हणालो होतो मी."

डॉक्टरबाईंनी तोंडावरचा रुमाल खाली घेतला.

मास्तरांचा हात बटणावर होता, तिथेच राहिला. त्यांचं तोंड उघडं होतं, पण त्यातून शुद्ध, अशुद्ध, काहीच येईना. बाई जागची हलली नाही. ती म्हणाली, आणि या वेळी एकही अक्षर चुकलं नाही, "पुन्हा सांगा, मास्तर. बाबांना कमी ऐकू येतं."

"बाई, जाऊ दे आता," कोणीतरी मागून म्हणालं.

"का जाऊ दे? माझी शाळा गेली त्यात. पुन्हा सांगा. मोठ्याने."

मास्तरांनी हॉलभर पाहिलं. दारात आता कुठला हेडमास्तर उभा नव्हता. अखेर ते पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्याकडे बघून म्हणाले, घरी वाचा, असं मी म्हणालो होतो. हळू म्हणाले, पण बॅटरी नवीन होती.

काका काठी टेकून उठले. दिसत तर काही नव्हतं, पण आवाजाच्या रोखाने तोंड केलं. म्हणाले, "तुम्ही एवढं शुद्ध बोलायचात, साहेब. म्हणून मला वाटलं..." आणि वाक्य तिथेच सोडून खाली बसले. ते कोणी दुरुस्त केलं नाही.

हात वर झाले ते धड्याच्या बाजूने. सगळे नाही, पण पुरेसे. बसच्या ड्रायव्हरने आधी अर्धा वर केला, मग पूर्ण. डॉक्टरबाई बाहेर बाईचा हात हातात घेऊन म्हणाल्या, तुम्ही मुलांसाठी फार मोठं काम केलंत. बाई म्हणाली, मी मुलांसाठी आलेच नव्हते. झालं असेल तर बरं झालं. डॉक्टरबाईंना ती विनयाने बोलतेय असं वाटलं. मी ओळखतो तिला, विनय तिच्या दुकानात मिळत नाही.

मास्तरांचा संयम वर्ग बंद पडला, कारण ते वर्गात शिरले की मागच्या बाकावरून कोणीतरी हळूच विचारायचं, सर, ळ कशातला? आता त्यांना पाली मास्तर म्हणतात. त्यांच्या मुलालासुद्धा पाली मास्तरांचा मुलगा म्हणतात. सभेनंतर त्यांनी एका शिपायाकडून तो कोट परत पाठवला, मधलं काज सैल करून द्या म्हणून. बाईने निरोप धाडला की काज एकदा झालं की झालं, ते मोठं करता येत नाही. कुठलाही शिंपी सांगेल की येतं. मी तो कोट कडक इस्त्री करून परत दिला. तेवढाच माझाही हातभार.

पण खरं उरलं होतं ते घरी. सभा संपवून आलो, दिवेलागणीची वेळ. काका आपल्या खुर्चीत बसले. बाईने तोंड धुतलं. मग तो बुटका स्टूल, ज्यावर आता कापडाच्या चिंध्या ठेवतात, रिकामा करून खुर्चीपाशी ओढला. कटरला म्हणाली, मशीन चालू ठेव. तो बावळटासारखा म्हणाला, शिवायला काही नाहीये. ती म्हणाली, रिकामं चालव.

मशीन सुरू झालं आणि तिने पहिल्या ओळीपासून धडा वाचला. शुद्ध. पाळी आली, ळ सकट आली. काका मान खाली घालून ऐकत होते. मग ती म्हणाली, "स्त्रीच्या पोटात गर्भाशय नावाची पिशवी असते."

आणि थांबली. पुस्तक उघडं, बोट ओळीवर, नजर बापावर. पुढे वाचेना. कटर रिकामं मशीन मारतोय, मी टेबलाशी उभा, आणि ही आपली बघत बसली आहे त्यांच्याकडे. एवढंही सोडणार नव्हती ती. त्यांनी बंद केलं होतं, त्यांनीच उघडायचं.

काकांनी कानातलं यंत्र नीट बसवलं. घसा साफ केला.

"पुढे," ते म्हणाले.

"त्या पिशवीत बाळ वाढते," बाईने वाचलं.

मी इस्त्री आधीच बंद करून ठेवली होती.